न धुतलेला पंप

मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो तो पायाला मुंग्या आल्या म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकसभा भरली होती. मुख्याध्यापक सर विचारत होते, "अध्यक्षपदासाठी कोण पुढे येतंय?" आणि सगळे पालक आपापल्या पायाचा अंगठा न्याहाळत होते. नेमका त्याच वेळी माझा डावा पाय बधिर झाला. तो झटकावा म्हणून मी उठलो आणि टाळ्या पडल्या. परत बसायला लागलो तर मागून कोणीतरी शर्ट धरला. "आता बसू नको. उभा लय चांगला दिसतो."

आमचं गाव नाशिक आणि सायखेड्याच्या मधे, गोदावरीच्या काठाला. घरटी भाजीपाला. मी बी.ए. आहे, हे मी कोणी न विचारताही सांगतो, आणि माझं मुख्य पीक वांगी आहे, हे बाजारातल्या पाट्या सांगतात. अध्यक्षाचं काम काय ते मला माहीत नव्हतं. सर म्हणाले, "विशेष काही नाही. सही करायची आणि मधेमधे करायचं नाही." पहिलं मला जमलं.

शाळा सुधारायची लहर वरच्या लोकांना अधूनमधून येते. एका वर्षी भिंती बोलक्या करायच्या होत्या, म्हणून आम्ही भिंतींवर पाढे आणि प्राणी रंगवले. आमच्या पेंटरने काढलेल्या सिंहाला पाहून पहिलीतली पोरं "बैल, बैल" म्हणायची. दुसऱ्या वर्षी शाळा डिजिटल करायची होती, तेव्हा टीव्ही आला. त्याच्यावर सरांच्या मिसेसनी विणलेला रुमाल आहे, तो फार छान आहे. यंदा मूल्यांकन होतं. समिती येणार, वर्ग बघणार, मुलांचं वाचन घेणार, हात धुवायची जागा बघणार, परसबाग बघणार, फोटो काढणार आणि गुण देणार. ज्या शाळांना चांगले गुण पडतील तिथे पाचवीचा वर्ग जोडणार.

आधीच्या सुधारणांना मी हसलो होतो. या वेळी हसू आलं नाही, कारण आमची शाळा चौथीपर्यंत आहे आणि माझी मुलगी चौथीत होती.

पाचवीची शाळा पलीकडच्या गावात. मधे मोठा रस्ता. त्या रस्त्यावरून द्राक्षाच्या गाड्या आणि खडीचे डंपर असे जातात की आमच्याकडची कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतात. बायकोने दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "माझी पोरगी तो रस्ता ओलांडणार नाही. पाचवी इथे झाली तर ठीक. नाही झाली तर ती कळवणला राहील, माझ्या भावाकडे. तिथे शाळा घराला लागून आहे." मेहुणा भला माणूस आहे. त्याने कॉटसुद्धा घेऊन ठेवली. ती कॉट त्याने फोनवर व्हिडिओतून दाखवली, तेव्हा मुलगी बघून "छान आहे" म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली. नंतर बघितलं तर वासराच्या गळ्यात हात टाकून बसली होती. मी फक्त मनात ठरवलं की पाचवी इथे आणायची, आणि मी मनात काही ठरवलं की आमच्या घरच्यांनी खरं तर सावध व्हायला पाहिजे.

परसबाग मुलांनी केली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक वर्गाने आपापला वाफा घातला. चौथीची वांगी आणि टोमॅटो, तिसरीचा पालक, लहान पोरांची मेथी. सगळे शेतकऱ्यांचेच, त्यामुळे भांडणंही जाणत्यांसारखी. "तुझं पाणी माझ्या वाफ्यात कशाला सोडलं?" यावरून दोघी बोलेनाशा झाल्या होत्या. समितीपुढे बागेची माहिती सांगायला सरांनी माझ्या मुलीला निवडलं. ती घरभर म्हणत फिरायची, "नमस्कार. ही आमची परसबाग. हिच्यातली भाजी आम्ही आमच्या खिचडीत घालतो."

मग टोमॅटोवर मावा पडला, पानांचा रस शोषणारी ती बारीक कीड. सरांनी मला निरोप दिला. अध्यक्ष म्हणून पहिल्यांदाच कोणी मला सहीशिवाय दुसरं काही मागितलं होतं. मी घरी निंबोळी अर्क भिजवला, पाठीवरच्या पंपात भरला आणि मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. सगळी शाळा गोल करून उभी राहिली. मी नोझल फिरवून दाखवलं, वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर माती उडवून दाखवली. तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, पंप धुतला ना?"

आणि मला आठवलं. परवा त्याच पंपाने मी बांधावरच्या गवताला तणनाशक मारलं होतं, आणि पंप धुवायचा राहिला होता.

आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा. तो सांगेल की तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, नाही जमलं तर साबण लावून तीनदा धुवावा. मी तर हे त्याच आठवड्यात आमच्या शेजाऱ्याला सांगितलं होतं, तेही चारचौघांत, त्याची वेलवर्गीय भाजी जळाली तेव्हा. "अरे, अक्कल नको का माणसाला?" असे माझे शब्द होते. पण आता टाकी भरलेली, पोरं बघताहेत, सर हात मागे बांधून उभे. अध्यक्षाने "थांबा, धुऊन आणतो" कसं म्हणायचं? तळाला राहिलं असेल थोडंसं, एवढ्याने काय होतंय.

"धुतला की," मी म्हणालो आणि फवारलं. सगळ्या वाफ्यांवर, सढळ हाताने.

काही दिवसांत टोमॅटोचे शेंडे कुत्र्याच्या शेपटीसारखे वळले. वांग्याची पानं वाटीसारखी झाली. मेथी आधी पिवळी पडली, मग खाली बसली. पोरं रोज सकाळी जाऊन बघायची आणि वर्गात गप्प बसायची. सरांनी मला बोलावून विचारलं, "अध्यक्ष, हे काय झालं असेल?"

मी पान उलटंपालटं केलं, उजेडाला धरलं. "व्हायरस आहे," म्हणालो. हल्ली व्हायरस म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. मात्र खिचडीत त्यातलं पानही पडू देऊ नका, हे मी स्वयंपाकीण बाईंना इतक्या वेळा बजावलं की त्या म्हणाल्या, "तुम्हीच येऊन बसा चुलीपाशी."

आणि मग निरोप आला की समिती परवा येतेय. सकाळी आठला.

दुसरा कोणी असता तर मान्य करून मोकळा झाला असता. मी वांगीवाला. मी म्हटलं, माझ्या शेतात फळाला आलेली झाडं उभी आहेत, ती मातीच्या गोळ्यासकट काढायची आणि शाळेत लावायची. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर मी टेम्पो शेतात घातला. बायको बांधावर येऊन उभी राहिली.

"अहो, वांगी कुठे चालली?"

"शाळेत."

"शिकायला?"

मी टेम्पो भरला. शाळेतली सगळी मेलेली बाग उपटली, वरची मुरमाड माती खरवडून काढली, नदीकाठची काळी माती पसरली आणि वांगी, टोमॅटो, शेजाऱ्याकडून मागून आणलेला पालक, सगळं रांगेत उभं केलं. शेजाऱ्याने पालक देताना विचारलं, "पंप धुतोस ना रे तू?" मी हसलो. तो का विचारत होता कोण जाणे. गावात गोष्टी कळतात.

भरल्या झाडाची जागा हलवली की ते काय करतं, हेही कुठल्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा. रात्रभर गारव्याने ते तरतरीत राहतं, सकाळी आठला नव्या नवरीसारखं दिसतं. ऊन चढलं की मान टाकतं. माझा सगळा हिशोब त्या आठवर होता.

सर वाफ्यापाशी उभे होते. निवृत्तीला आलेला माणूस, आयुष्यात एक खाडाखोड नाही. "अध्यक्ष, हे बरं नाही वाटत मला."

"सर, मी हाय ना."

"तुम्ही आहात म्हणूनच."

टेम्पोजवळ माझी मुलगी उभी होती. तिने एका वांग्याच्या बुंध्याला हात लावला. "ही आपली झाडं आहेत. बांधाकडच्या ओळीतली."

"आता शाळेची."

"मग मी उद्या काय सांगू?"

"जे पाठ केलंय ते सांग."

"ते आमच्या झाडांबद्दल पाठ केलंय. ती तर तुम्ही उपटली."

"ताई, पाचवी इथे पाहिजे ना तुला?"

ती गोळ्यातून सुटलेली माती परत बुंध्याला दाबायला लागली. खरी भीती मला वाटली ती तिथे. कारण ही मुलगी खरं बोलते. सवयच आहे तिला, आणि वेळ बघत नाही. मागे एका रविवारी मी तिला बाजारात नेलं होतं. गंगापूर रोडकडची एक बाई कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून म्हणाली, "ताजी आहे ना?" मी म्हणालो, "आत्ता पहाटे काढली." आणि शेजारून ही म्हणाली, "नाही, पप्पा, ती कालची. आज तिच्यावर पाणी मारलंय." बाई हसली, मीही हसलो. मग बाई पुढच्या माणसाकडे गेली. त्या दिवसापासून मी तिला बाजारात नेत नाही. आता तीच समितीपुढे उभी राहणार होती.

सकाळी आठला बाग अशी दिसत होती की मलाच माझं कौतुक वाटलं. वांगी चकाकत होती. पालकावर दव होतं. समितीचे साहेब आत्ता आले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

साहेब आले नाहीत. आधी दुसऱ्या शाळेत गेले होते. नऊ वाजले. सर फोन लावत होते, फोन लागत नव्हता. मी रोपांच्या नर्सरीतून शेडनेटचा तुकडा आणून वाफ्यांवर धरला. सोबत चौथीतली उंच पोरं चार कोपऱ्यांना. दहानंतर टोमॅटोने पहिली मान टाकली. मी झाडूच्या काड्या आणून शेंड्यांना टेकू दिले. स्वयंपाकीण बाई खिचडीचं पातेलं सोडून बघायला आल्या. "अध्यक्ष, झाडाला सलाईन लावा आता," म्हणाल्या.

मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, दोन वेण्या घट्ट, हात मांडीवर. मी जवळून जाताना म्हणालो, "पाठ आहे ना सगळं?" तिने नुसती मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही, आणि परत विचारायचं धाडस झालं नाही.

ऊन चांगलं तापल्यावर गाडी फाटकात शिरली. फेब्रुवारी होता, पण आमच्याकडचा फेब्रुवारी दुपारी एप्रिलची आठवण करून देतो. मी शेडनेट गुंडाळून पाण्याच्या टाकीमागे टाकलं. गाडीतून एक साहेब उतरले, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, आणि एक मॅडम, हातात फोन. फोटो फोनमधूनच काढायचे होते आणि तिथल्या तिथे वर पाठवायचे होते.

"आधी परसबाग बघू या का?" मी म्हणालो. माझा आवाज जरा चिरकला.

"आधी वर्ग," साहेब म्हणाले.

मग वर्ग झाले. वाचन झालं. पोरं अशी वाचत होती की एरवी मी ऊर भरून ऐकलं असतं. त्या वेळी प्रत्येक मूल मला फार सावकाश वाचतंय असं वाटत होतं. तिसरीतल्या एकाला साहेबांनी अख्खा धडा वाचायला लावला. मी खिडकीतून बागेकडे बघत होतो. वांगी एकेक करून खाली बघायला लागली होती, चूक कबूल करायला उभी केल्यासारखी. हात धुवायची जागा बघून झाली. मग चहा. चहा कोणी सांगितला होता? मीच सांगितला होता.

शेवटी साहेब उठले. मी पुढे पळालो आणि जे सुचलं ते केलं. उंच पोरांना वाफ्यांच्या उन्हाच्या बाजूला उभं केलं, म्हणजे त्यांची सावली झाडांवर पडेल, आणि अगदी झोपलेल्या टोमॅटोपुढे पहिलीच्या पोरांची रांग लावली. एक पोरगं म्हणालं, "काका, मला काही दिसत नाही." म्हटलं, "तुला नाही बघायचं, तुझ्यामागचं त्यांना नाही दिसायला पाहिजे." तो बरोबर समजला. खेड्यातली पोरं हुशार असतात.

मॅडमनी फोटो काढला. फोन फिरत राहिला. "जात नाहीये," त्या म्हणाल्या आणि रेंज शोधत हातपंपाकडे गेल्या, तिथून फाटकाकडे, तिथून परत. साहेब तेवढ्यात बागेपाशी एकटेच उभे राहिले. माझी मुलगी पुढे आली. मी तिच्यापासून चार हातांवर, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा.

"नमस्कार," ती म्हणाली. "ही आमची परसबाग."

"तुम्ही केली?"

"वाफे आम्ही घातले. दिवाळीच्या सुट्टीनंतर."

"रोज पाणी कोण देतं?"

"चौथीचा वर्ग. आमच्या पाळ्या आहेत."

साहेब खाली बसले. उकिडवे, सहज. तसं बसणं ऑफिसातल्या माणसाचं नसतं. त्यांनी वाफ्यातली माती चिमटीत घेतली, चोळली, मग वाफ्याबाहेरचा मुरूम बघितला.

"माती काळी आहे ही."

"नदीकाठची आहे," मुलगी म्हणाली. "माझ्या पप्पांनी आणून टाकली."

"आणि ही वांगी कुठल्या वाणाची?"

तिने वाण बरोबर सांगितला. का नाही सांगणार? घरचीच होती.

"कीड पडली नाही का?"

"पडली होती. टोमॅटोवर मावा."

सर माझ्या शेजारी आले होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"मग?"

"निंबोळी अर्क फवारला."

"कोणी?"

"माझ्या पप्पांनी."

"मग गेला मावा?"

ती थांबली. वाऱ्याने पालकाची पानं हलायला पाहिजे होती, ती हलली नाहीत, कारण ती जमिनीला चिकटली होती. मुलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला फक्त कॉट दिसली, कळवणची, नवीन चादर घातलेली.

"गेला," ती म्हणाली. मग साहेबांकडे बघून, पाठ केल्यासारख्या स्वच्छ आवाजात, "सर, फवारायच्या आधी पंप धुवावा लागतो. नाहीतर झाडं मरतात. पप्पांनी धुतला होता. मी विचारलं होतं त्यांना."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पहिलीच्या पोरांकडे बघितलं. पहिलीची पोरं माझ्याकडे बघत होती.

"गेला फोटो!" फाटकापासून मॅडम ओरडल्या.

साहेब हात झटकत उठले. मुलीला म्हणाले, "छान बोलतेस." मग गाडीकडे जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबले आणि इतक्या हळू बोलले की सरांनाही ऐकू गेलं नसेल.

"अध्यक्ष, ऊन उतरलं की पाणी द्या. फळं तोडून टाका, निम्मी पानं खुडा. म्हणजे जगतील. आमच्याकडेही वांगीच आहेत."

"साहेब, मी..."

"मला फोटो पाहिजे होता. तो गेला." आणि ते गाडीत बसले.

ते चांगल्या मनाने बोलले की उपहासाने, याचा मी आजवर विचार करतोय. गाडी गेल्यावर पोरांनी आरडाओरडा केला, सरांनी कपाळ पुसलं, स्वयंपाकीण बाईंनी खिचडी वाढायला घेतली. एकटी माझी मुलगी टाकीमागे गेली, मी टाकलेलं शेडनेट उचललं आणि वांग्यांवर घालायला लागली. एकटीला जमत नव्हतं. मी दुसरं टोक धरायला गेलो. आम्ही दोघांनी ते बांधलं.

मी दिवसभर एकच हिशोब मांडत होतो. वाफे त्यांनी घातले, खरं. माती मी आणली, खरं. मावा पडला, अर्क फवारला, मावा गेला, सगळं खरं. मावा राहणार कशावर? अख्ख्या बोलण्यात खोटी गोष्ट एकच होती, पंप धुतल्याची, आणि ती माझी होती. प्रश्न एवढाच, ती बोलताना तिला हे माहीत होतं का? तिचा माझ्यावर विश्वास असेल, तर मी तिच्या तोंडून खोटं बोललो. आणि तिला माहीत असेल, तर ती एका दिवसात खोटं बोलायला शिकली, आणि कुठे शिकली ते सांगायला बी.ए. लागत नाही. दोन्हींतलं कुठलं बरं, ते मला ठरवता येईना.

उत्तर संध्याकाळीच मिळालं. शेतातून आलो तर हौदापाशी पाण्याचा आवाज. मुलगी पंप आडवा घालून बसली होती. साबणाची वडी, काथ्या. टाकीत पाणी भरायची, पंप हलवायची, ओतून द्यायची, पुन्हा भरायची. ओतलेल्या पाण्यापासून वासराला लांब बांधलं होतं.

"अगं, राहू दे. त्यात विषारी असतं, हात लावू नको."

"मोजे घातलेत." खरंच, तिने हातांना पिशव्या बांधल्या होत्या.

"पण तो धुतलाय मी."

तिने वर बघितलं. "पप्पा," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा काथ्या फिरवायला लागली.

मी तिथेच बसलो आणि तिच्या हातातला पंप घेतला. तिने दिला. मी धुतला. ती बघत राहिली. नोझल काढून धुतलं, तेही तिने बघितलं.

शाळेतली वांगी बरीचशी जगली. मेथी मुलांनी नव्याने पेरली, आणि मी फवारायला येतो म्हणालो तेव्हा चौथीच्या वर्गाने एकमुखाने सांगितलं की मावा ते हाताने काढतील. निकालाची वाट बघण्यात परीक्षा आल्या. मेहुण्याचा फोन यायचा, कॉटला आता मच्छरदाणीही आलीय म्हणून. फेरतपासणी होणार अशीही एक बातमी उठली, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. बायको म्हणाली, "परीक्षा पोरीची आहे की तुमची?"

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर सरांचा फोन आला. मी बांधावर होतो. तिथून घरापर्यंत पळत आलो. वयाला न शोभेल असं पळालो, एक चप्पल पाटात गेली. "मिळाली!" अंगणातूनच ओरडलो. "पाचवी मिळाली आपल्या शाळेला! जूनपासून!"

बायकोने हातातलं सूप खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. मी घरात जाऊन डब्यातून साखर मुठीत घेतली आणि मुलीसमोर उभा राहिलो. मला वाटलं, आता ही उडी मारेल.

तिने उडी मारली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण ते तिने तसेच धरून ठेवले होते.

"खरंच?"

"खरंच, ताई. आत्ता फोन आला."

"मी सरांना विचारून येते," ती म्हणाली. चप्पल घातली आणि गेली.

बायको माझ्याकडे बघायला लागली, मी समोरच्या पांदीच्या वाटेकडे. सरांचं घर शाळेच्या मागे आहे, आमच्या दारातून दिसतं. ती दारात उभी राहिलेली दिसली, सर बाहेर आलेले दिसले. सरांनी मान हलवली. मग तिने तिथे, त्यांच्या अंगणात, उडी मारली. आणि एकदा मारली. मग आमच्या घराकडे पळत निघाली.

ती पोचेपर्यंत मी तसाच उभा होतो. मुठीतली साखर घामाने चिकट झाली होती.